गावाच्या गळ्यात मावणारे गाणे



तुकडोजी महाराजांवर बोलायला उभा राहिलेला वक्ता बहुधा ग्रामगीतेपासून सुरुवात करतो. मग ग्रामसफाई येते, व्यसनमुक्ती येते, सामुदायिक प्रार्थना येते, 'राष्ट्रसंत' ही उपाधी येते, आणि वेळ उरलाच तर अखेरीस एखादे भजन म्हणून सभा उठते. 2005 साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. तेव्हापासून पदवीच्या कागदावर आणि परीक्षेच्या वेळापत्रकावर ते रोज छापले जाते. नाव असे सगळीकडे झाले की माणूस मागे पडतो. तुकडोजींच्या बाबतीत मागे पडला तो गाणारा माणूस. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. महाराजांनी अगोदर विचार ठरवला आणि लोकांना पटावा म्हणून तो भजनात घातला, असे आपण धरून चालतो. मला क्रम उलटा दिसतो. खंजिरी-भजनाची स्वतःची एक रीत आहे. तिच्यात समोर बसलेल्याला नुसते ऐकू देत नाहीत, त्याला म्हणायला लावतात. ही रीत लहानपणी अंगात मुरली आणि पुढे तिनेच त्यांच्याकडून सगळी कामे करून घेतली. सालबर्डीचा यज्ञ, बेचाळीसचा उठाव, मोझरीची प्रार्थना, 41 अध्यायांची ग्रामगीता हे सगळे मला एकाच भजनाचे अंतरे वाटतात. ध्रुपद एकच आहे.

तेव्हा खंजिरीपासूनच सुरुवात करू. तिला खंजेरीही म्हणतात. ज्यांनी ती हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाचे वीतभर रुंदीचे कडे असते. एका तोंडावर कातडे ताणून बसवलेले, दुसरे तोंड उघडे. कड्यात खाचा पाडून त्यांत पितळेच्या लहान झांजा खिळ्यांवर सैल सोडलेल्या. एका हाताने कडे धरायचे, दुसऱ्या हाताच्या बोटांनी आणि तळव्याने वाजवायचे. धरणारा हातही रिकामा नसतो. तो मनगटातून झटका देतो तेव्हा झांजा बोलतात, आणि तोच हात कातड्यावर बोटांचा दाब कमीजास्त करून नाद खाली-वर नेतो. पावसाळी हवेत कातडे उतरले तर शेकोटीवर धरावे लागते, उन्हाळ्यात फार चढले तर ओल्या बोटाने पुसावे लागते.

म्हणजे ठेका आणि झणत्कार दोन्ही एकाच माणसाच्या हातात. तबलजी आला तर बरे, नाही आला तरी अडत नाही. पेटीचेही तसेच. वाद्य झोळीत मावते, खांद्यावर भार होत नाही, आणि पायी गावे फिरणाऱ्याला यापेक्षा सोयीचे दुसरे काही नाही. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नारदाच्या गादीवर उभा राहिलेला कीर्तनकार श्रोत्यांपासून वेगळा दिसतो, दिसलाही पाहिजे. खंजिरीवाला मात्र त्याच सतरंजीवर मांडी घालून बसतो. त्याचे डोके आणि ऐकणाऱ्याचे डोके एका पातळीवर असते.

विदर्भातल्या गावात भजन कसे चालते ते आठवा. रात्रीची जेवणे उरकली की मारुतीच्या पारावर किंवा कोणाच्या तरी ओसरीत मंडळ जमते. मुख्य गाणारा ध्रुपद टाकतो, मंडळ ते उचलते. पुन्हा तो म्हणतो, पुन्हा मंडळ म्हणते. मग अंतरा त्याचा एकट्याचा. अंतऱ्याच्या शेवटच्या शब्दावर खंजिरीची थाप अशी पडते की ध्रुपद उचलल्यावाचून कोणाची सुटका नसते. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत मंडळाबाहेरचे लोकही म्हणू लागलेले असतात. दिवसभर वखर हाकून आलेला सालदार, दाराच्या आडून ऐकणारी बाई, झोपेला आलेली पोरे, सगळ्यांच्या तोंडी तेच. तिसऱ्या अंतऱ्यानंतर गाणे गाणाऱ्याचे राहत नाही.

अशा बैठकीसाठी लिहायचे तर लिहिणाऱ्याचे हात आपोआप बांधले जातात. ध्रुपद एका दमात म्हणता आले पाहिजे. शब्द आधीच तोंडात असलेले हवेत. चालीला मोठी फिरत चालत नाही, कारण ती शेवटच्या रांगेतल्या अडाणी गळ्यालाही पेलली पाहिजे. आणि अर्थ पहिल्याच फेरीत कळला पाहिजे. म्हणता म्हणता विचार करायला थांबता येत नाही. समीक्षकांनी तुकडोजींच्या रचनेला साधी, ढोबळ, उपदेशपर म्हटले आहे. वाचायला बसले की ती तशी वाटते हे मलाही मान्य आहे. पण ती वाचण्यासाठी लिहिलेलीच नाही. पन्नास माणसांनी एकत्र म्हणताना ती कशी उभी राहते ते ऐकल्याशिवाय तिच्यावर निकाल देणे हा अन्याय आहे, आणि मराठी साहित्याच्या इतिहासकारांनी तो बराच काळ केला आहे.

आता माणसाकडे वळू. 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म झाला. आईचे नाव मंजुळाबाई. घरी शिवणकाम आणि कायमची ओढाताण. शाळा प्राथमिक इयत्तांपलीकडे गेली नाही. वरखेडला आडकोजी महाराज नावाचे सत्पुरुष होते, त्यांच्या पायाशी हा मुलगा रमला. तो जुन्या संतांची पदे गात असे. आडकोजींनी त्याला स्वतःच्या नावाने रचायला सांगितले आणि तुकड्या हे नाव दिले, अशी आठवण सांगतात. पुढे 'तुकड्या', 'तुकड्यादास' ही मुद्रा त्यांच्या भजनांच्या शेवटच्या अंतऱ्यात कायमची बसली. किशोरवयातच घर सुटले. चिमूर भागातले रामदिघीचे जंगल, तिथली भटकंती, साधना, योग याविषयी पुष्कळ कथा आहेत. त्यांतल्या चमत्कारांकडे मी जात नाही. ग्रामगीतेत 'संत-चमत्कार' नावाचा स्वतंत्र अध्याय लिहून या वेडाचा समाचार खुद्द महाराजांनीच घेतला आहे. त्यांच्या चरित्रात आपण चमत्कार घुसडावेत हे त्यांना रुचले नसते.

या भटकंतीत त्यांच्या कानावर काय पडले असेल याचा विचार मात्र करावासा वाटतो. वऱ्हाड आणि नागपूरचा मुलूख त्या काळी मध्य प्रांत आणि वऱ्हाड या एका प्रांतात होता. कचेरीत मराठी आणि हिंदी दोन्ही चालत. बाजारात हिंदी, घरी वऱ्हाडी, देवळात तुकोबा आणि नामदेव, फिरत्या गोसाव्याच्या तोंडी कबीर. पूर्वेकडे झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत. सातपुड्याच्या कडेला तर हद्द कुठे संपते ते बोलण्यावरून कळतही नाही. तुकडोजी मराठीत जितक्या सहज रचतात तितक्याच सहज हिंदीत रचतात याचे कारण या मातीत आहे. त्यांची हिंदी बनारसची नाही. ती बैतूल, पांढुर्णा, नागपूर या पट्ट्यात बाजारच्या दिवशी ऐकू येणारी हिंदी आहे, मराठी वळणाची आणि थोडी खडबडीत. 'लहरकी बरखा' या त्यांच्या हिंदी संग्रहात ती भेटते. मराठी भजनांसाठी 'अनुभव सागर भजनावली' पाहावी.

या भजनावल्या उघडल्या की एक बारीकशी गोष्ट दिसते. भजनाच्या डोक्यावर कंसात 'चाल' किंवा 'तर्ज' दिलेली असते, आणि तिच्यापुढे कुठल्या तरी दुसऱ्या गाण्याचे पहिले दोन-चार शब्द. म्हणजे चाल लोकांच्या ओळखीची, शब्द नवे. काही जाणकारांना हे उसनेपण वाटते. मला त्यात कारागिराचा हिशेब दिसतो. ज्या गावात नोटेशन कोणाला येत नाही, रेडिओ पोचलेला नाही, आणि महाराज एक रात्र राहून पहाटे पुढच्या गावाला जाणार आहेत, तिथे नवे भजन मागे कसे राहावे? चाल आधीच गळ्यात असेल तरच ते राहील. गाणारा गेल्यावरही गाणे चालू राहिले पाहिजे, ही काळजी त्या एका छापील ओळीत आहे. ही युक्ती नवी नाही. शाहिरांनी आणि जलशेकऱ्यांनीही ती वापरली. तुकडोजींनी तिच्या जोरावर मराठी-हिंदी मिळून हजारो भजने गावागावांत पेरली.

त्यांच्या स्वतःच्या आवाजातली काही ध्वनिमुद्रणे आज ऐकायला मिळतात. ती जरूर ऐका. पट्टी चढी, गळा मोकळा, शब्द एकेक सुटा आणि स्वच्छ. बिनलाउडस्पीकरच्या मैदानात मागच्या माणसापर्यंत पोचायची सवय त्या आवाजाला आहे. आलाप-ताना जवळजवळ नाहीतच. भाव दाखवण्यासाठी आवाज कापवणे, ओढून धरणे हे तर अजिबात नाही. मला त्यात फार मोठा संयम वाटतो. गाणाऱ्याने स्वतःच गहिवरून टाकले तर म्हणणाऱ्यांसाठी काय उरेल?

1935 साली सालबर्डीला मोठा यज्ञ झाला. मोर्शी तालुक्यातले हे डोंगरातले ठाणे, पलीकडे लगेच मध्य प्रदेशची हद्द. तीन लाखांवर लोक जमले होते असे सांगितले जाते. ऐन पंचविशीतल्या, संस्थान नाही, मठ नाही अशा एका भजन गाणाऱ्यासाठी एवढे लोक डोंगरात आले. त्याच वर्षी नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. इथून तुकडोजींचे काम एका ठिकाणी रोवले गेले. गावोगाव त्यांची मंडळे होत गेली, आणि पुढे त्यांचे श्रीगुरुदेव सेवा मंडळ झाले.

1936 साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, नुकतेच राहायला आले होते. त्यांच्या बोलावण्यावरून तुकडोजी तिथे गेले आणि महिनाभर राहिले. या भेटीवर अनेकांनी लिहिले आहे आणि बहुतेकांचा भर गांधीजींना भजन किती आवडले यावर आहे. मला उलट बाजू जास्त मोलाची वाटते. आश्रमात सकाळ-संध्याकाळ ठरल्या मिनिटाला प्रार्थना होई. प्रार्थनेइतकेच महत्त्व झाडूला आणि चरख्याला होते. रात्र रात्र रंगणाऱ्या भजनात वाढलेल्या तरुणाने इथे पाहिले की देवाच्या नावाला घड्याळ लावता येते आणि हाताला काम जोडता येते. पुढे मोझरीला जी शिस्त आली तिच्यात या महिन्याचा वाटा आहे, असे मला ठामपणे वाटते.

आता बेचाळीस. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण या गाणाऱ्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड प्रश्न इथे आहे.

त्या पावसाळ्यात महाराजांची भजने चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, चालू होती. 'छोडो भारत'चा ठराव होऊन नेते तुरुंगात गेले होते. गावोगावच्या भजनी मंडळांतली पोरे पेटलेली होती. महाराजांच्या एका हिंदी भजनात या भूमीतली झाडे आणि दगडसुद्धा लढायला उठतील अशी कल्पना होती, आणि ते भजन त्या दिवसांत तोंडोतोंडी झाले होते. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. चिमूरला प्रभातफेरी निघाली, गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा त्यात गेला. मग जमाव उसळला आणि काही सरकारी अधिकारी लोकांच्या हातून मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही तसेच घडले. त्यानंतर चिमुरात लष्कर आले, आणि त्याने घराघरांत, बायाबापड्यांवर जे अत्याचार केले त्यांच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी 63 दिवस उपोषण केले. कित्येकांना फाशीची शिक्षा झाली. देशभर आवाज उठल्यावर ती टळली. तुकडोजींना 28 ऑगस्टला चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत काढून ते डिसेंबरच्या सुरुवातीला सुटले.

सभांमध्ये हा भाग अभिमानाने सांगितला जातो, आणि अभिमान वाटावा असेच ते धैर्य होते. पण गाणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर अंगावर काटा येतो. गाण्यात दगड उठतो तो कल्पनेत. पारावर पन्नास माणसे ते एका आवाजात म्हणतात तेव्हा ती कल्पना प्रत्येकाच्या हातात जाते. इंग्रजांनी या भजनवाल्याला उगाच पकडले नव्हते. खंजिरीच्या रीतीत केवढी ताकद आहे हे त्यांना चिमूरने दाखवले होते. म्हणवून घेतलेले गाणे माणसे करून दाखवतात.

हे महाराजांना सगळ्यांच्या आधी उमगले असणार. कारण त्यानंतरची त्यांची रचना पाहा. माणसे म्हटलेले करून दाखवणार असतील, तर त्यांच्या तोंडी काय द्यायचे याची जबाबदारी रचणाऱ्यावर येते. तुरुंगानंतरच्या काळात त्यांच्या भजनांतून कामे येऊ लागतात: गाव झाडा, दारू सोडा, अस्पृश्यता टाका, पोरींना शिकवा, लग्नाचा खर्च आवरा. देव कुठेही गेला नाही. तो आता केरसुणीच्या शेजारी आला. भक्ती पातळ झाली अशी तक्रार काही जुन्या भजनकऱ्यांनी केली. मला ही तक्रार पटत नाही. मनात भाव नसताना देवाला साद घालणाऱ्यांची महाराज जी खरडपट्टी काढतात, तिच्यात भक्तीची धार पूर्वीपेक्षा जास्तच आहे.

सामुदायिक प्रार्थना त्यांनी गावोगाव रुजवली. ती अजून चालते. सायंकाळी ठरल्या वेळी लोक रांगेत, सरळ पाठीने बसतात. पांढरे कपडे, डोक्यावर भगवी टोपी. मोझरीच्या प्रार्थनामंदिरात मूर्ती नाही, आहे ते रिकामे आसन. ज्याने त्याने आपले श्रद्धास्थान तिथे मनात आणावे. पहाटे गाव झाडून झाल्यावर रामधून निघते, म्हणजे गात गात गावातून फेरी. या दोन्ही गोष्टी बारकाईने पाहिल्या तर त्या भजनाच्याच आहेत. फरक एवढा की मुख्य गाणारा त्यातून काढून घेतला आहे. महाराज त्या गावात नसले तरी प्रार्थना होते, आणि कोणीही सुरू करू शकतो. आपल्याविना चालेल असे गाणे घडवणारा गायक मला तरी दुसरा आठवत नाही. गायकाला सहसा उलटे हवे असते.

1955 साली ग्रामगीता आली. 41 अध्याय, 4675 ओव्या. ग्रंथ कोणा देवाला वाहिलेला नाही, गावाला वाहिलेला आहे. अध्यायांची नावे वाचली तरी या ग्रंथाचा आवाका कळतो: ग्राम-शुद्धी, ग्राम-आरोग्य, गोवंश-सुधार, श्रम-संपत्ती, जीवन-शिक्षण, महिलोन्नती, वैवाहिक जीवन, अंत्यसंस्कार, यात्रा-मेळे, दलित-सेवा, प्रारब्धवाद. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेल्या ओवीत गुरांची पैदास आणि लग्नाचा खर्च कोणी आणला नव्हता. महाराजांनी तो संकोच बाळगला नाही. गावात ग्रंथ म्हणून ऐकली जाते ती ओवी, पोथीच्या वाचनाला लोक येतात, मग पोथीतच सांडपाण्याचा प्रश्न घातला तर काय बिघडले?

ग्रामगीता सगळीकडे सारखी उतरलेली नाही, हेही बोलले पाहिजे. काही अध्यायांत ओवी नुसती सूचना वाहून नेते. खेड्यावरचा त्यांचा विश्वास कधी कधी इतका मोठा होतो की खेड्यातली जात किती खोल आहे हे त्याच्या आड जाते. 'दलित-सेवा' अध्याय मनापासून लिहिला आहे. पण बाबासाहेबांनी गावगाड्यावर जो घाव घातला, तो पचवायला सेवेची भाषा पुरत नाही. हे मी महाराजांना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. ज्यांच्याविषयी प्रेम आहे त्यांच्याबाबतीत हे प्रश्न टाळणे मला प्रेमाचे लक्षण वाटत नाही.

ग्रामगीतेत 'भजन-प्रभाव' हा अध्याय आहे. आजच्या विषयापुरता मी हाच सर्वांत मोलाचा मानतो. भजनात आयुष्य काढलेला माणूस इथे भजनाचीच तपासणी करतो. भजनाच्या नावाखाली चालणारी व्यसने, मंडळांमधली चढाओढ, रात्रभर गाऊन सकाळी जसेच्या तसे राहणे यांची तो गय करत नाही. आणि तरी भजन टाकून द्या असे म्हणत नाही. माणसाला जागे करण्याचे याहून मोठे साधन त्याला माहीत नाही. आपल्या कलेवर एवढा विश्वास आणि तिच्या ढोंगावर एवढा राग, हे दोन्ही एका अध्यायात भेटतात. कोणत्याही गायकाने तो एकदा वाचावा.

पुढची वर्षे कीर्तीची आहेत, मी भराभर जातो. जपानमधल्या 1955च्या विश्वधर्म परिषदेत त्यांची खंजिरी वाजली. राजेंद्रप्रसादांनी त्यांना 'राष्ट्रसंत' म्हटले. विनोबांच्या भूदानाला त्यांनी साथ दिली. 1956 साली भारत साधू समाज स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्ष ते. 1962 आणि 1965 च्या युद्धांत सीमेवर जाऊन जवानांपुढे भजने केली. 1964 साली विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता. रिकाम्या आसनापुढे सर्व धर्मांची प्रार्थना म्हणवणारा आणि या परिषदेच्या स्थापनेला जाणारा एकच माणूस होता. आज एक बाजू पहिली गोष्ट लपवते आणि दुसरी बाजू दुसरी. त्यांना पूर्ण पाहायचे तर दोन्ही समोर ठेवाव्या लागतील, आणि मग त्यांची भजने म्हणून पाहावी लागतील. माझा अनुभव असा की त्या भजनांत सगळ्यांना सामावणारा आवाज फार मोठा आहे, आणि लोकांनी म्हणायला निवडली तीही तीच भजने आहेत.

1968 मध्ये आजार बळावला. कर्करोग होता. 11 ऑक्टोबर 1968 रोजी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी ते गुरुकुंजात गेले, वयाच्या साठीच्या आत. दरवर्षी पुण्यतिथीला त्या मिनिटाला मोझरीत लाखोंचा समुदाय मौन पाळतो. बस थांबतात, रस्ता थांबतो.

त्यांच्यानंतर खंजिरी थांबली नाही. विदर्भात खंजिरी-भजनाच्या स्पर्धा गावोगाव होतात, पुरुषांच्या, महिलांच्या, मुलांच्या वेगवेगळ्या. महिलांच्या मंडळांनी गेल्या काही वर्षांत जी झेप घेतली आहे ती ऐकण्यासारखी आहे. 'महिलोन्नती' लिहिणाऱ्याला याहून गोड दक्षिणा मिळाली नसती. अकोटचे सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून हुंडा, अंधश्रद्धा, अवयवदान यांवर प्रबोधन करतात आणि हजारोंना बांधून ठेवतात. तुकाराम दादा गीताचार्यांनी अड्याळ टेकडीवरून ग्रामगीता जगण्यात आणण्याचे काम हयातभर केले. परंपरा जिवंत आहे.

स्पर्धांविषयी मात्र मला एक काळजी बोलून दाखवायची आहे. स्पर्धेत गुण गळ्याला, ठेक्याला, पोशाखाला मिळतात. समोर परीक्षक, त्यामागे प्रेक्षक. प्रेक्षकांनी ध्रुपद उचलले की नाही याला गुण नसतात. मोठे ध्वनिक्षेपक आले तेव्हापासून मुख्य गाणाऱ्याचा आवाज इतका मोठा झाला की सतरंजीवरच्या माणसाला आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, आणि मग तो म्हणायचे सोडतो. मंडळे उत्तम गातात, गाव गप्प बसते. महाराजांनी जे आयुष्यभर टाळले ते नकळत होते आहे. यावर उपाय अवघड नाही. स्पर्धेच्या आयोजकांनी शेवटचे भजन ध्वनिक्षेपक बंद करून सगळ्या गावाने म्हणायचे असा एक नियम घातला तरी पुरे.

दुसरी गोष्ट तातडीची आहे. मघाशी मी भजनाच्या डोक्यावर छापलेल्या चालीविषयी बोललो. ज्या गाण्यांच्या चाली तिथे सांगितल्या आहेत त्यांतली बरीचशी गाणी आता कोणाच्या कानात नाहीत. पुस्तकात शब्द आहेत, चालीचे नाव आहे, चाल मात्र नाही. ती आहे महाराजांच्या समोर बसून म्हटलेल्या माणसांच्या गळ्यात. 1968 ला जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. एका चालीची दोन गावांत दोन वळणे झाली असतील, तीही टिपली पाहिजेत, कारण लोकांनी गाणे आपले केल्याची ती खूण आहे.

या चाली मुद्रित करायला स्टुडिओ नको, फोन पुरतो. आधी गाणाऱ्याकडून तीन गोष्टी बोलून घ्याव्यात: भजन कोणाकडून शिकले, कोणत्या गावात, आणि त्यांच्या आठवणीत मूळ चाल कोणत्या गाण्याची. मग पूर्ण भजन, सगळ्या अंतऱ्यांसह, मुद्रेसह. त्यांना एकट्याने गायला बसवू नका, मागे म्हणायला चार माणसे बसवा. ध्रुपद परत आले नाही तर म्हाताऱ्या माणसाला पुढचा अंतरा आठवत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. खंजिरीचा ठेका वेगळा एकदा मुद्रित करा. पुण्यतिथी महोत्सवाला गावोगावची मंडळे मोझरीत उतरतात, त्यांत अशी जुनी माणसे हमखास असतात. आपल्यापैकी जे या कामाला तयार असतील त्यांनी सभा संपल्यावर नाव, गाव आणि फोन नंबर माझ्याकडे लिहून द्यावा. यंदाच्या महोत्सवापासून सुरुवात करू.